अण्णा कसा खेळायचा

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी पंधरा. त्याचं नाव मधुकर. पण वसाहतीतली कानडी मुलं आपापल्या थोरल्या भावाला अण्णा म्हणत, म्हणून मीही त्याला अण्णाच म्हणायची. त्याला कावीळ झाली, आणि ती उतरते आहे असं डॉक्टर सांगत असतानाच तो गेला. त्याविषयी मी इथे याहून जास्त लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते पुढच्या वर्षाविषयी, कारण त्या वर्षात एक चमत्कारिक गोष्ट घडली: मेल्यानंतर अण्णाचा फुटबॉल दर महिन्याला सुधारत गेला.

सुरुवातीला भेटायला येणारी माणसं 'चांगला खेळायचा हो पोरगा' एवढंच म्हणत, आणि ते रीतीला धरूनच होतं. गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं असतं आणि अण्णाचे परीक्षेतले मार्क त्या कामाचे नव्हते. पण दिवाळीपर्यंत तो कारखान्याच्या संघात जवळजवळ शिरला होता. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आलेल्या बाबांच्या एका सहकाऱ्यांनी त्याला राज्याच्या संघात घेतलं. होळीच्या सुमारास कोणीतरी म्हणालं, ‘असता तर देशाकडून खेळला असता,’ आणि बाबांनी हळूच मान डोलावली. मी दारात चहाचा ट्रे धरून उभी होते. बाबांना मी आयुष्यात खोटं बोलताना ऐकलेलं नव्हतं. तेव्हाही ऐकलं असं म्हणता येणार नाही, कारण ते बोलले काहीच नाहीत.

आम्ही यशवंतपूरच्या पलीकडे एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. बाबा तिथे टूलरूममध्ये इंजिनिअर होते. साताऱ्याहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. वसाहतीचं सगळं भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला दूध तापायला ठेवायचं, दुसऱ्याला बाबांची सायकल अंगणाबाहेर, दुपारच्या भोंग्याला भात उतरलेला असायचा. भोंगा नसेल तेव्हा यशवंतपूरच्या यार्डातून मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज येत. पाहुणे त्याने दचकून उठायचे. आम्हाला तो आवाज थांबला तर जाग यायची. शेजारच्या सरोजक्कांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीसमोर होती. त्यांच्या हुळीची, म्हणजे सांबाराची, फोडणी आधी आमच्या नाकाला कळायची आणि मग वाटी यायची. वाटी रिकामी परत करायची नाही, हा दोन्ही घरांचा कायदा. आईची सगळी कानडी त्या खिडकीत तयार झाली. पंधरा वर्षांनीसुद्धा तिची वाक्यं मराठी वळणावर जाऊन मग कानडीत यायची, पण तिला कोणी कधी थांबवून दुरुस्त केलं नाही. भाजीवालासुद्धा नाही, आणि तो दरावरून तिच्याशी रोज वाद घालायचा.

अण्णाचा फुटबॉल घरात दिसायचा तो मागच्या पडवीत. तिथे त्याचे बूट वाळत पडलेले असत आणि त्यांचं चामडं मऊ राहावं म्हणून तो त्यांना आईचं डोक्याला लावायचं खोबरेल चोळायचा. ‘माझे केस बघ कसे झालेत, आणि तुझे बूट बघ तुकतुकीत!’ आई म्हणायची. तो म्हणायचा, ‘आई, तू कुठे उन्हात पळतेस?’ यापलीकडे दोघांत खेळाची चर्चा कधी झाली नाही. सामने रविवारी दुपारी, छावणीकडच्या मैदानावर, दोन बसगाड्या बदलून जावं लागेल इतक्या लांब. फुटबॉल हा आईच्या लेखी शेजारच्या घरातला सण होता: असेल चांगला, पण आपल्यात नाही. एकोणीस वर्षांत तिने त्याला एकदाही खेळताना पाहिलं नाही. आणि त्या मैदानावरच्या नळाचं पाणी पिऊनच कावीळ झाली, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. तसं सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, पण डॉक्टर तर कावीळ उतरते आहे असंही म्हणाले होते.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिने मला विचारलं, ‘सुमे, तू गेली होतीस ना दोन-तीनदा त्याच्याबरोबर? खरंच एवढा चांगला खेळायचा का गं?’

मी तीन सामने पाहिले होते. मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, ‘हो आई.’

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खोटं पकडायला पुरावा लागत नसे. ‘सगळे म्हणतात तसा असेल तर ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘मग एवढ्या मोठ्या गोष्टीपायी गेला म्हणेन, मैदानाला माफ करून टाकीन. पण इतका मोठा खेळाडू माझ्या घरात जेवत होता, तर मला कसं कळलं नाही? मला काय दिसत नव्हतं?’ मग तिने एक खडा उचलून खिडकीबाहेर टाकला आणि पुन्हा ताटात बोटं घातली. त्या वर्षात आम्ही सगळेच अण्णाला मोठा करत होतो, आणि तो जितका मोठा होत होता तितका तिच्या ओळखीतून जात होता, हे मला पंधराव्या वर्षी असं नीट मांडता आलं नसतं. पण मी तिच्या शेजारी बसून खडे शोधायला लागले, एवढं आठवतं.

बाबांचं दुःख बोलत नसे. ते कामाला लागलं. टूलरूममध्ये अँथनी मास्टर नावाचे फिटर होते. छावणीकडच्या एका गल्लीत राहायचे आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना फुटबॉल शिकवायचे. अण्णा त्यांच्याच संघातून खेळायचा. त्यांची बहुतेक मुलं अनवाणी खेळत. बाबांनी कित्येक वर्षांपूर्वी नोंदवलेल्या स्कूटरचा नंबर नेमका त्या वर्षी लागला. बाबांनी तो सोडून दिला आणि त्या पैशांतून मधुकरच्या नावाने निधी सुरू केला. दरवर्षी अँथनींच्या सगळ्या मुलांना बूट, दोन चेंडू आणि सुट्टीत महिनाभर शिबिर, एवढंच त्याचं काम. बाबा निवृत्त होईपर्यंत सायकलवरच गेले. याबद्दल त्यांनी कधी भाषण केलं नाही. आता लिहिताना मीच करायला लागले आहे, म्हणून थांबते.

इथवर सगळं ठीक होतं. मग ही बातमी कारखान्याच्या कल्याण अधिकाऱ्यांना लागली. नंजुंडय्या त्यांचं नाव. माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांच्याकडे दोन खाती होती, कँटीन आणि समारंभ; कँटीन सुधारणं कोणाच्याच हातात नव्हतं, त्यामुळे त्यांची सगळी बुद्धी समारंभात उतरली होती. अण्णाला वर्ष होईल त्या दिवसासाठी त्यांनी कारखान्याच्या मैदानावर मंडप ठरवला, कारखान्याचा बँड ठरवला, जनरल मॅनेजर साहेबांची वेळ घेतली. अण्णाचं तैलचित्र करून घेतलं. ते कारखान्याच्या पेंटरने काढलं. तो एरवी 'सुरक्षा प्रथम'चे फलक रंगवायचा, त्यामुळे चित्रातला अण्णा फुटबॉलच्या पोशाखात असूनही आता हेल्मेट घालायला सांगणार आहे असा दिसायचा. आणि शेवटी नंजुंडय्यांनी सुचवलं की बूट सगळ्यांना न देता उत्तम पाच खेळाडू निवडून त्यांना साहेबांच्या हस्ते द्यावेत. ‘सगळ्यांनाच दिलं सर, तर त्याला सन्मान कसं म्हणायचं?’ चौदा जोड आणून झाले होते. बाबांनी मान डोलावली. त्या वर्षी बाबांची मान फार सैल झाली होती. उरलेले नऊ जोड आमच्या पलंगाखाली, पुढच्या वर्षांच्या सन्मानांसाठी राहिले.

आई म्हणाली, ‘मी मैदानावर येणार नाही. त्याचा दिवस मी घरात करीन.’ बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तू सांगून बघ. तुझं ऐकते.’ आमच्या घरात आई माझं ऐकते असं बाबांना वाटायचं आणि बाबा माझं ऐकतात असं आईला. दोघांचाही हा गैरसमज मी फार वर्षं जपला.

आता आईने घरात करायचं म्हणजे काय, तीही अडचणच होती. बापाने मुलाचं श्राद्ध करू नये असं गुरुजींनी सांगितलं, आणि धाकटा भाऊ आम्हाला नव्हता. मी होते, पण माझा विचार शास्त्राने केलेला नव्हता. शेवटी एवढंच निघालं की मुलगा अविवाहित गेला आहे, तर त्याच्या तिथीला एका मुंजाला, म्हणजे मुंज झालेल्या बिनलग्नाच्या मुलाला, बोलावून त्याच्या आवडीचं जेवू घालावं. आमच्या वसाहतीत असा मुलगा कुठून मिळायला? गावातल्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वैद्यकाकांचा दहा वर्षांचा नातू होता. त्याला घेऊन ते दुपारी बारा वाजता येणार असं ठरलं.

तिथी काही तारखेवर येत नाही. अण्णाची तिथी त्या वर्षी तारखेच्या अकरा दिवस आधी पडली होती. आई तिथीवर होती, बाबा आणि कारखाना तारखेवर. त्याच आठवड्यात बाबा मला म्हणाले, ‘अँथनी रजेवर आहे. त्याला कार्ड टाक. अण्णाच्या दिवशी मुलांना घेऊन साडेदहाला आधी क्वार्टरवर ये म्हणावं, फाटकाचा पास माझ्याकडे असेल.’ माझं इंग्रजी अक्षर बरं होतं. मी कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, ‘आई, अण्णाचा दिवस कधी?’ तिने भिंतीवरच्या पंचांगात बोट धरून पाहिलं आणि सांगितलं. मी ते लिहिलं आणि पेटीत टाकलं. एका घरात दोन कालगणना चालत असतील तर अशी चूक होणारच, असं मी नंतर बाबांना म्हणाले. बाबा म्हणाले, ‘कालगणना दोन होत्या. डोकं एकच होतं, ते चालवायचं.’

तिथीच्या दिवशी बाबा सकाळच्या पाळीला गेले होते. घरात आम्ही दोघीच. आईने पहाटेपासून पुरण घातलं होतं. पोळ्या, कटाची आमटी, गव्हल्यांची खीर, बटाट्याची भजी. सगळं एका दहा वर्षांच्या मुलाला, त्याच्या आजोबांना आणि आम्हाला पुरेल इतकं, वर चार घास. साडेदहाला कडी वाजली. मी दार उघडलं तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले अँथनी मास्टर आणि त्यांच्या मागे पायरीपासून रस्त्यापर्यंत चौदा मुलं, केस पाण्याने चापून बसवलेली. फाटकावरच्या गुरख्याला अँथनींनी माझं कार्ड दाखवलं होतं आणि पासाऐवजी तेच चाललं होतं. दोन बसगाड्या बदलून, सकाळी कोणी चहा घेऊन तर कोणी तोही न घेता आलेली ती पोरं होती. आतून पुरणाचा वास येत होता. चौदाही नाकं एकदम वर झाली.

माझ्या लक्षात आलं: कार्डावर मी तारखेऐवजी तिथीचा दिवस लिहिला होता. मी अँथनींना अडखळत कानडीत सांगितलं की समारंभ अकरा दिवसांनी आहे, चूक माझी आहे, आज घरातला दिवस आहे. त्यांचा चेहरा पडला. ‘सरी, सरी,’ ते मागे सरत म्हणाले. ‘आम्ही जातो. अम्मांना त्रास नको.’ आणि मुलांकडे वळून तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. पहिली चार मुलं वळलीसुद्धा.

‘कोण आहे गं?’ आई हात पुसत बाहेर आली. मी सांगितलं. तिने एकेका मुलाकडे पाहिलं. कोणाच्या गळ्यात क्रूस होता, कोणाच्या दंडावर ताईत, एकाच्या कपाळावर विभूती. तिची नजर त्यांच्या पायांवर गेली. घड्याळात पावणेअकरा झाले होते. मुंजा बारा वाजता यायचा होता, आणि त्याच्या आधी त्या अन्नाला कोणाचा हात लागायचा नव्हता. पहाटेपासून मीही काही खाल्लेलं नव्हतं.

‘मास्टर,’ आई कानडीत म्हणाली, ‘यांच्यात कोणाचं लग्न झालंय?’

अँथनी गडबडले. ‘लग्न? अम्मा, सगळ्यात मोठा सोळाचा आहे!’

‘मग झालं तर,’ ती मला मराठीत म्हणाली. ‘मुंजेच आहेत सगळे. सतरंज्या काढ. आणि सरोजक्कांना हाक मार, म्हणावं भात टाका, मोठ्या पातेल्यात.’

‘आई, वैद्यकाका येतील ना. ते काय म्हणतील?’

‘ते बारा वाजता येतील. बारा वाजता काय म्हणायचं ते म्हणतील. ही पोरं आत्ता भुकेली आहेत.’

खिडकीतून भात आला, त्यामागून सारू आलं, आणि मग स्वतः सरोजक्का लोणच्याची बरणी घेऊन आल्या. पोळीचे चार-चार तुकडे केले. पहिली पंगत नीट बसली, आणि घरात वर्षभर नव्हता इतका आवाज झाला. सेल्वा नावाचा गोलकीपर होता. त्याचं तोंड आणि हात दोन्ही चालू असायचे. बाशा नावाचा एक जाडसर मुलगा होता, तो फक्त जेवत होता. आई वाढता वाढता सेल्वापाशी थांबली आणि सहज विचारावं तसं तिने विचारलं, ‘मधू कसा खेळायचा रे?’

‘अण्णा?’ सेल्वाने भजं गिळलं. ‘अण्णा फार स्लो, अम्मा. आम्ही त्याला रोडरोलर म्हणायचो.’

अँथनींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. ‘मूर्खा! कोणापुढे बोलतोस?’   आई तशीच उभी राहिली, हातात पोळ्यांचं ताट, आणि मग तिच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

‘बोलू द्या त्याला,’ ती म्हणाली. ‘मग मास्टर, इतका हळू होता तर संघात घेत कशाला होतात?’

अँथनी ख्रिस्ताशपथ खरं बोलणारे गृहस्थ. ते पानाकडे बघत म्हणाले, ‘अकरा लागतात, अम्मा. माझ्याकडे दहा होते.’ ती पुन्हा हसली, या वेळी पदर तोंडाला लावून. मग ते सावकाश म्हणाले, ‘मैदानावर चुना टाकायला तोच यायचा पहिला. चेंडू त्याला सापडायचा नाही. पण चेंडू पुढे निघून गेला ना, की बाकीचे थांबतात. उपयोग नाही म्हणून. तो थांबायचा नाही. पळतच राहायचा.’

‘हा तो,’ आई मला म्हणाली. ‘हाच. बस चुकली तरी मागे पळायचा, आठवतं?’ आणि खीर आणायला आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून खीर शेवटी सरोजक्कांनी वाढली.

दुसरी पंगत चालू असताना बरोबर बाराला वैद्यकाका नातवाला घेऊन आले. सोवळ्याचं उपरणं, हातात छत्री. ते उंबऱ्यातच थांबले. आई पुढे झाली. ‘काका, मधूचे मित्र आहेत. उपाशी आले होते, मी आधी वाढलं. तुमचा नातू यांच्यात बसला तर मला बरं वाटेल. नाही बसला तरी राग नाही. दक्षिणा ठेवली आहे.’ तिचा आवाज साधा होता, पण पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. आपण काय मोडलं ते तिला पक्कं माहीत होतं. काकांनी ओळीकडे पाहिलं, छत्री कोपऱ्यात टेकवली आणि म्हणाले, ‘बसू दे. पण त्याचं पान जरा अंतरावर मांडा.’ तसं मांडलं. ते हातभर अंतर खिरीपर्यंत टिकलं. खीर आली तेव्हा मुंजा सरकत सरकत सेल्वाला खेटून बसला होता आणि गोलकीपरला चेंडूला हात लावायला परवानगी असते तर बाकीच्यांना का नाही, असं विचारत होता.

हा निधी अजून चालतो. मी आता सत्तरी ओलांडली आहे आणि त्याच्या बैठकांना जाते. मैदान आता पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, एका छोट्या कारखान्याच्या मागे. महादेवपुऱ्याच्या आयटी कंपन्यांतून पुण्या-नागपूरची तरुण मुलं मदतीला येतात. फार चांगली मुलं आहेत; फक्त आल्याबरोबर बॅनर लावतात. परवा त्यांच्यातला एक म्हणाला, ‘काकू, एक प्रॉपर सिलेक्शन प्रोसेस करू या ना. टॅलेंट आयडेंटिफाय झालं की डोनर्सना दाखवता येतं.’ मी म्हटलं, ‘बाळा, जोरात पळणाऱ्याला बूट कोणीही देतं.’ त्याने ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या बॅनरवर ते वाक्य येईल अशी मला भीती आहे.

आमच्या निधीत निवड का नाही, हे त्याला सांगायचं तर त्या तारखेच्या समारंभाबद्दल सांगावं लागेल. आदल्या दिवशी आई बाबांना म्हणाली, ‘मी येते उद्या.’ बाबांनी माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. मी ती कृतज्ञता ठेवून घेतली.

मंडप लाल-पिवळा होता. अँथनींची मुलं पुन्हा तेच केस चापून साडेआठपासून उन्हात रांगेत उभी होती, कारण साहेबांची वेळ अलीकडे सरकून दहाची झाली होती. साहेब पावणेअकराला आले. बँड वाजला. तैलचित्राला हार घातला. नंजुंडय्यांनी माईक हातात घेतला आणि अण्णाने आयुष्यातला सर्वोत्तम खेळ केला. देश एका महान खेळाडूला मुकला, असं ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर पाणावले. मग त्यांनी उत्तम पाच मुलांची नावं पुकारली. सेल्वा त्यांत होता. मुलं पुढे आली, साहेबांनी बूट दिले, फोटो निघाला. शेवटी 'कैलासवासी मधुकर यांच्या मातोश्रींनी दोन शब्द बोलावेत' अशी विनंती झाली. हा फक्त शिष्टाचार होता. मातोश्रींनी हात जोडून बसून राहायचं असतं.

आई उठली. माईकजवळ गेली, तो आपल्यापेक्षा उंच आहे हे पाहून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, ‘स्वल्प केळ्री.’ म्हणजे जरा ऐका. सगळे ऐकायला लागले. तिच्या त्या खिडकीतल्या कानडीत ती म्हणाली, ‘माझा मुलगा हळू पळायचा. मला हे या मुलांनी सांगितलं. मोठ्या माणसांनी सांगितलं नाही. तुम्ही पाच चांगल्या मुलांना बूट दिले, ठीक आहे. पण माझा मुलगा आज इथे असता तर तो या पाचांत नसता. त्याच्या नावाचे बूट त्यालाच मिळाले नसते.’ आणि ती जाऊन बसली.

साहेब उत्तरेकडचे होते. त्यांना कानडी येत नव्हती. त्यांनी नंजुंडय्यांकडे वाकून विचारलं. नंजुंडय्या इंग्रजीत म्हणाले, ‘सर, त्या सर्वांचे आभार मानत आहेत.’ साहेबांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

तेव्हा बाबा उभे राहिले. वर्षभर मान डोलावणारा तो माणूस खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि साध्या, कामाच्या इंग्रजीत म्हणाला, ‘नाही सर. ती म्हणते आहे की आमचा मुलगा हळू पळायचा. ते खरं आहे. तो संघात होता कारण अकरावा कोणी नव्हता. बूट सगळ्यांसाठी आणले आहेत. नऊ जोड घरी आहेत.’ एवढं बोलून ते बसले आणि रुमालाने चष्मा पुसत राहिले. साहेब क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, ‘मग आणा की.’ यात त्यांचा काही मोठेपणा होता असं मी म्हणणार नाही. त्यांना बारा वाजता दुसरीकडे जायचं होतं.

मी आणि सेल्वा पळत क्वार्टरवर गेलो आणि पलंगाखालून खोकी ओढून आणली. मुलं गवतात बसून नाड्या बांधू लागली. साहेब गेले, त्यांच्यामागून बँड गेला, मग मंडपातली माणसं पांगली. कारखान्यातल्या अॅप्रेंटिस मुलांशी सामना होता, तो पाहायला फारसं कोणी उरलं नाही. नंजुंडय्या मात्र थांबले. आईसाठी खुर्ची उचलून त्यांनी स्वतः मैदानाच्या कडेला आणून ठेवली आणि मागे जाऊन उभे राहिले. आई बसली नाही. चुन्याच्या रेघेपाशी उभी राहिली.

बाशा मागच्या फळीत होता. नवे बूट त्याला चावत होते. पहिलाच चेंडू आला, त्याने पाय फिरवला, आणि चेंडू त्याच्या बाजूने निघून गेला. एक अॅप्रेंटिस तो घेऊन पुढे सुटला. आता त्याला गाठणं शक्य नव्हतं हे मैदानावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. बाशा वळला आणि त्याच्यामागे पळू लागला. जड पावलं, तोंड उघडं, दोन्ही हात दिशा दाखवणाऱ्या फलकासारखे बाजूला.

‘सुमे,’ आईने विचारलं. ‘असाच?’

या वेळी मी खरं सांगितलं. ‘हो आई. अगदी असाच.’

तिकडे गोल झाला, अॅप्रेंटिस मुलं ओरडली, अँथनींनी कपाळावर हात मारला. आईने तिकडे पाहिलं नाही. सामना संपेपर्यंत तिने चेंडूकडे एकदाही पाहिलं नाही. ती बाशाला पळताना पाहत राहिली.